तिसऱ्या तुकड्यातली आठ मिनिटं

गेल ओस्टरमनचा फोन आला तेव्हा लेम्युएल गेदर मागच्या खोलीत खुर्चीत पाय पसरून बसला होता. समोरच्या टेबलावर न ऐकलेल्या सीड्यांचा ढीग होता आणि त्या ढिगाला हात लावायचं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं. मार्च महिना, खिडकीबाहेर गल्लीत बर्फाचा काळा चिखल झालेला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, त्यातली एकेचाळीस वर्षं शिकागोतल्या जॅझबद्दल लिहिण्यात गेलेली. एके काळी साप्ताहिकाचं अख्खं पान त्याचं असायचं. आता गाद्यांच्या जाहिरातीशेजारी चारशे शब्द मिळत, आणि खरं सांगायचं तर तेवढेही त्याला जड जात.

“लेम, एक पत्र आलंय,” गेल म्हणाली. ती साप्ताहिकाची संपादक. वीस वर्षं त्याच्या मजकुराला कात्री तीच लावत आली होती. “ओक पार्कचा एक दातांचा डॉक्टर आहे. तुमच्या ‘कोलयार्ड’च्या परीक्षणाबद्दल लिहितोय.”

“शिव्या घातल्यात?”

“नाही हो, फार अदबीनं लिहिलंय. म्हणतो, गेदरसाहेब ज्या आठ मिनिटांच्या शांततेचं कौतुक करतात ती मला कुठे सापडलीच नाही. ती मिनिटं सुरू झाली की आमचा कुत्रा टेबलाखाली जाऊन बसतो.”

लेम मोठ्यानं हसला. “मग माझी नोकरी त्या कुत्र्यालाच दे. चारशे शब्द काय, तोही लिहील.”

गेल हसली नाही. ती म्हणाली, “काल मीही ऐकली ती. तुम्ही एकदा परत ऐका ना.”

‘कोलयार्ड’ ही सीडी ख्रिसमसच्या सुमारास आली होती. शहराच्या दक्षिण भागातल्या एका बंद पडलेल्या कोळशाच्या वखारीत तिघांनी मिळून एका दुपारी वाजवलेलं. आधी काही ठरवलेलं नाही, लिहिलेलं नाही, जे सुचेल ते. सॅक्सोफोनवर अन्सेल ब्रॉडनॅक्स. हा लेमच्याच पिढीचा, दोघांनी तरुणपणी एकाच हॉलच्या मागच्या दारातून फुकट मैफली ऐकलेल्या. ड्रमवर मिलवॉकीहून आलेला एक जण. आणि हलिना व्ह्रुबेल नावाची एक बाई, जी स्वतः जोडलेल्या डब्यांतून आणि तारांतून आवाज काढायची. लेमला डब्या-तारांचं कधीच फारसं प्रेम नव्हतं, आणि हे त्याने कधी लपवलंही नव्हतं.

पण सीडीवरच्या तिसऱ्या तुकड्याने त्याला पकडलं. अकराव्या मिनिटाला ड्रम थांबले, तारा थांबल्या, आणि त्यानंतर आठ मिनिटं अन्सेल अधूनमधून एखादाच सूर काढत राहिला. लेमने डोळे मिटले ते तुकडा संपल्यावरच उघडले. किती तरी दिवसांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. त्याच बैठकीत त्याने परीक्षण लिहून टाकलं: ‘त्या मोकळ्या शांततेत ब्रॉडनॅक्स एकेक सूर असा ठेवतो, जसं रिकाम्या घरात कुणी एकेक भांडं जागेवर ठेवावं. एवढं धाडस मी गेल्या दहा वर्षांत ऐकलेलं नाही. आणि यंत्राने केव्हा गप्प बसावं हे कळलेली यंत्रवालीही मला पहिल्यांदाच भेटली.’

इतरांनीही लिहिलं होतं. न्यूयॉर्कच्या एका मासिकाला ती सीडी म्हणजे खोलीत शिरलेला डास वाटला. ओस्लोच्या एकाने तिला वर्षातली सगळ्यात महत्त्वाची ठरवली. इथलाच टोबायस राइन नावाचा तरुण, जो पेपरात नाही, फक्त इंटरनेटवर लिहायचा, त्याने तिसऱ्या तुकड्याबद्दल म्हटलं होतं, ‘कानात हळूहळू रेशमाची सुई ओवली जाते.’ लेमने ते वाचून मान हलवली होती. हल्लीची मंडळी ऐकायच्या आधीच लिहितात असं त्याचं मत होतं.

फोन ठेवल्यावर त्याने सीडी लावली, तिसरा तुकडा, अकरावं मिनिट. ड्रम थांबले. शांतता. मग अन्सेलचा एक सूर, खालचा, श्वासासारखा. पुन्हा शांतता. लेमने आवाज वाढवला, आणखी वाढवला. काही नाही. तो हसून सीडी बंद करणार तेवढ्यात त्याचं लक्ष ॲम्प्लिफायरकडे गेलं. काचेआड दोन काटे होते. आवाज आला की वर जायचे, थांबला की खाली पडून राहायचे. अन्सेल गप्प होता आणि काटे अर्ध्यावर उभे होते, थोडे थरथरत.

जुनं झालंय यंत्र, त्याने स्वतःला सांगितलं. तरीही त्याने हाक मारली, “अर्नेस्टीन! जरा इकडे ये.”

त्याची बायको टपाल खात्यातून निवृत्त झालेली, चर्चच्या गायकवृंदात गाणारी बाई. ती फडक्याला हात पुसत दाराशी आली आणि आल्या आल्या तिने एक कान तळव्याने झाकला.

“बंद कर आधी ते!”

“काय बंद करू? काय ऐकू येतंय तुला?”

“काय ऐकू येतंय म्हणजे? ती शिट्टी! केवढा मोठा केलायस आवाज. दात शिवशिवले माझे.”

लेमने आवाज कमी केला. “कसली आहे शिट्टी? एकच सूर आहे?”

“नाही, वळते मध्ये मध्ये. बारीक तार ओढल्यासारखी.” ती त्याच्याकडे बघत राहिली. “लेम, ख्रिसमसपासून तू हे लावतोयस. तू लावलंस की मी कोट घालून बाहेर ओसरीत जाऊन बसते. थंडीत.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुझ्या रेकॉर्डींबद्दल मी कधी काही बोललेय? तुझं काम आहे ते.” मग तिचा आवाज खाली आला. “पाद्रीबाबा तोंडातल्या तोंडात बोलतात असं तू म्हणायला लागलास ना, तेव्हाच मला वाटलं होतं. टीव्हीचंही तेच.”

“तेव्हा तरी सांगायचंस.”

“सांगितलं होतं रे. दोनदा.”

काटे अजून अर्ध्यावरच उभे होते. त्याने यंत्र बंद केलं तेव्हा ते पडले.

गुरुवारी तो कान तपासायला गेला. काचेच्या खोलीतून बाहेर आल्यावर तपासणाऱ्या बाईंनी कागद त्याच्यासमोर ठेवला. डावीकडून निघालेली रेघ अर्ध्यापर्यंत बरी चालली होती आणि मग जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली होती, दोन्ही कानांची.

“वरचे सूर गेलेत,” त्या म्हणाल्या. “रेघेच्या वर राहिलं ते ऐकू येत नाही. बोलणं तुम्हाला कळतं कारण ते बरंचसं इकडे, डावीकडे असतं. मोठ्या आवाजात काम होतं का तुमचं? कारखान्यात?”

“तसंच काहीसं. कधी झालं असेल हे?”

“हे एका दिवसात होत नाही. दहा वर्षं तरी झाली असतील.”

“दहा वर्षांत मी पाचशे परीक्षणं लिहिली,” लेम म्हणाला. बाईंनी कानातल्या यंत्रांचं एक पत्रक त्याच्या हातात दिलं.

बसमध्ये खिडकीशी बसून तो त्या पाचशेंचा विचार करत राहिला. सगळ्यांचा नाही, एकाचाच. सहा-सात वर्षांपूर्वी एका नव्या ड्रमवाल्याबद्दल त्याने लिहिलं होतं की त्याच्या झांजा ओल्या पुठ्ठ्यासारख्या वाजतात. तो पुढे वाजवणं सोडून विम्याच्या कामाला लागला असं कुणीतरी सांगितलं होतं. लेमने तेव्हा म्हटलं होतं, बरं झालं, वेळीच कळलं त्याला. आता त्या झांजा खरोखर कशा वाजत होत्या हे जाऊन कुणाला विचारायचं? त्याचा स्टॉप आला, तो उतरला. घरी येऊन बूट न काढताच पलंगावर आडवा झाला आणि अर्नेस्टीनने जेवायला हाक मारेपर्यंत तसाच पडून राहिला.

शुक्रवारी तो साप्ताहिकाच्या कचेरीत गेला. निम्मी टेबलं रिकामी होती. गेलने त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग उठून दार लावलं.

“हे आणखी कुणाला सांगितलंत?”

“बायकोला. आणि आता तुला.”

“मग तिथेच राहू दे. हे बघा, लेम, तुमच्या बाजूनं लोक लिहितायत. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकानं काय म्हटलंय ऐका.” तिने चष्मा लावला. “‘गेदर यांची शांतता म्हणजे आवाजाचा अभाव नव्हे. तो ऐकणाऱ्याने मागे घेतलेला हात आहे.’”

“याचा अर्थ काय?”

“मला काय माहीत! पण छान वाटतंय ना? तुम्ही फक्त दोन ओळी द्या. शांतता हा शब्द मी व्यापक अर्थानं वापरला होता, एवढंच. कोण विचारायला येतंय? दातांचा डॉक्टरही खूश होईल.”

लेम खुर्चीत मागे टेकला. दोन ओळी. त्या त्याने इथेच, या टेबलावर लिहून दिल्या असत्या आणि घरी जाऊन झोपला असता. त्याला कशाचाच कंटाळा आला होता, खोटं बोलण्याचा आणि खरं बोलण्याचाही. खरं बोलण्यात मेहनत जास्त होती एवढंच.

“सोमवारी देतो,” तो म्हणाला.

घरी पोचतो तो अन्सेलचा निरोप होता. सीडी काढणाऱ्या माणसाने पुन्हा प्रती काढायच्या ठरवल्या होत्या, आणि वेष्टनावर चिकटवायच्या पट्टीवर लेमचंच वाक्य हवं होतं, धाडसाचं. बुधवारपर्यंत हो म्हण, एवढंच अन्सेलचं म्हणणं. लेमने उलट फोन करून म्हटलं, “हलिनाचा नंबर दे.”

“कशाला?” अन्सेल म्हणाला.

“बोलायचंय.”

अन्सेलने नंबर सांगितला. दोन आकडे चुकीचे सांगून पुन्हा सांगितला.

हलिना व्ह्रुबेल बेलमाँट रस्त्यावर एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर राहायची. पंचेचाळिशीची, हाडकुळी, हातांवर तारा जोडताना भाजल्याचे बारीक चट्टे. दिवसा ती लिफ्टच्या आतली सर्किटं दुरुस्त करायची. शनिवारी दुपारी लेम गेला तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्ध्या भागात तारा आणि डबे होते, अर्ध्या भागात सुपाचे दोन वाडगे.

“बसा, मिस्टर गेदर. काकडीच्या लोणच्याचं सूप आहे. आवडलं नाही तर तसं सांगा, तुम्हाला सांगायची सवय आहे.”

तो कोट न काढताच बसला. “माझं परीक्षण वाचलंत तुम्ही.”

“वाचलं ना. माझ्या भावानं तीन प्रती आणल्या. पहिल्यांदाच छापून आलं होतं माझं नाव इथल्या पेपरात. तेही चुकीचं.” ती चमचा ढवळत होती. “सांगू? आयुष्यात त्या आठ मिनिटांइतकं अवघड मी काही वाजवलं नाही. तो सूर कडेवर आहे. जरा सुटला की नुसती किंकाळी होते. अंगठ्यानं धरून ठेवावा लागतो. आणि तुम्ही लिहिलंत, गप्प बसायचं कळलं हिला. मला वाटलं, म्हातारा खवचट आहे. ऐकू येऊनही मुद्दाम लिहिलंय.”

“ऐकू आलं नाही,” लेम म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे मला ऐकूच आलं नाही. येतच नाही. परवा तपासून आलो.” त्याने खिशातून तो कागद काढून सुपाच्या वाडग्याशेजारी ठेवला. “इथून पुढचं सगळं गेलंय.”

हलिनाने कागद उचलला. लिफ्टचा नकाशा बघावा तसा तिने तो बराच वेळ बघितला, बोटाने रेघ धरून. मग एका जागी बोट ठेवलं. “मी इथे वाजवते,” ती म्हणाली. ते बोट रेघेच्या खूप वर होतं.

“होय. मला माफी मागायची होती.”

“थांबा.” ती उठली. त्या आठ मिनिटांचं रेकॉर्डिंग तिच्याकडे वेगळं साठवलेलं होतं, तिच्या आवाजाचं वेगळं, अन्सेलचं वेगळं. तिने दोन खटके फिरवले. “माझा सूर खाली आणते. अन्सेलचा तसाच ठेवते. कागदावरच्या या जिन्याच्या वरच्या पायरीवर आणते म्हणा ना. ऐका.”

लेमने ऐकलं. एक बारीक, ताणलेला सूर निघाला आणि थांबलाच नाही. तो सरळ नव्हता, कुठेतरी वळायचा, आणि वळला की अन्सेलचा सूर यायचा. पुन्हा वळायचा, पुन्हा अन्सेल. ज्या सुरांना लेमने रिकाम्या घरातली भांडी म्हटलं होतं ती एकेक उत्तरं होती. घर रिकामं नव्हतं, त्यात दोन माणसं बोलत होती, आणि त्यातल्या एकाला पुसून लेमने दुसऱ्याच्या एकटेपणाचं कौतुक केलं होतं.

संपल्यावर हलिनाने विचारलं, “कसं वाटलं?”

एकेचाळीस वर्षांच्या सवयीने त्याने खरं सांगितलं. “चांगलं आहे. पण मला माझंच जास्त आवडलं होतं. शांततेचं.”

हलिना एकदम हसली, मनापासून, मान मागे टाकून. “दमलायत तुम्ही, मिस्टर गेदर.”

“हो. फार.”

“सूप प्या. थंड होतंय.” तो जायला निघाला तेव्हा ती म्हणाली, “लिहिणार असाल तर तुमच्या कानांवरच सगळं नका लिहू. मी वाजवत होते, एवढं लिहा.”

तिथून तो सरळ अन्सेलकडे गेला. दोन बस बदलाव्या लागल्या. अन्सेल साउथ शोअरला तलावासमोरच्या एका जुन्या इमारतीत एकटा राहायचा. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. सत्तरीचा उंच माणूस. दार उघडल्या उघडल्या म्हणाला, “भेटलास तिला?”

“भेटलो. तू गप्प का बसलास, अन्सेल? परीक्षण आलं तेव्हा तू फोन करून आभार मानलेस. तिथे शांतता नव्हती हे तुला माहीत होतं.”

“अरे, आत तर ये. जिन्यात कसला भांडतोस?”

आत आल्यावर अन्सेलने त्याला खिडकीशी बसवलं. तलावाच्या काठावर अजून बर्फाचे तुकडे एकमेकांवर आपटत होते. लेमला ते दिसत होते.

“चाळीस वर्षांत तू माझ्याबद्दल काय काय लिहिलंयस, आठवतंय?” अन्सेल म्हणाला. “भरवशाचा. अभ्यासू. एकदा तर लिहिलंस, ब्रॉडनॅक्स कधी निराश करत नाही. गड्या, मी काय बूट आहे? आणि आता धाडस म्हणालास. मी तक्रार करायला येऊ तुझ्याकडे?”

“मी सोमवारी दुरुस्ती देतोय. पट्टीवर माझं वाक्य घालू नका.”

“सगळं लिहिणार?”

“माझे कान गेलेत, हलिना वाजवत होती, आणि तू तिला उत्तर देत होतास. एवढं.”

अन्सेल उठला. स्वयंपाकघरात गेला, तसाच परत आला. मग समोर बसून त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“मलाही ऐकू येत नाही, लेम.”

“काय?”

“तिचा सूर. मलाही नाही येत. वखारीत त्या दिवशी मिलवॉकीवाल्यानं काठ्या खाली ठेवल्या, मला वाटलं सगळेच थांबले. मीही थांबणार होतो. तेवढ्यात बघितलं तर हलिनाचा अंगठा खटक्यावर हलतोय. म्हटलं, बाई वाजवतेय काहीतरी. आता आपण थांबलो तर ती बघेल आपल्याकडे, आणि कळेल तिला. म्हणून तिचा अंगठा हलला की मी एक सूर टाकायचो. आठ मिनिटं तिच्या अंगठ्यावरून नजर काढली नाही.”

लेमने त्याच्या हातांकडे बघितलं.

“आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो,” अन्सेल म्हणाला. “आणि तू लिहिलंस धाडस.”

मग दोघंही हसले, पण ते हसणं फार टिकलं नाही. अन्सेलने नाक पुसलं. “मे महिन्यात ओस्लोला बोलावलंय आम्हाला. वाजवणाऱ्याचे कान गेले हे कळलं तर कोण बोलावील? तुझं ठीक आहे, तू लिहिणं थांबवशील. मी काय थांबवू? स्वतःच्या कानांचं खुशाल लिही. माझे कान माझ्यापाशी राहू देत.”

“तिला सांगशील?”

“सांगेन. ओस्लोहून आल्यावर.” त्याने लेमकडे बघितलं. “बघू.”

रविवारी सकाळी अर्नेस्टीन चर्चला गेली आणि लेम मागच्या खोलीत लिहायला बसला. आपल्या कानांबद्दल लिहायला त्याला वीस मिनिटं लागली. पुढच्या चार ओळींना दुपार झाली. हाती लागलेली गोष्ट लिहायची नाही, ही वेळ त्याच्यावर यापूर्वी फारशी आली नव्हती. दारुडे, मैफल अर्धी टाकून जाणारे, एकमेकांचं चोरणारे, सगळ्यांचं त्याने लिहिलं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. त्याने लिहिलं, ‘ब्रॉडनॅक्सला तिचा सूर ऐकू येत होता.’ खोडलं. लिहिलं, ‘ब्रॉडनॅक्स तिचं ऐकून उत्तर देतो.’ तेही खोडलं. शेवटी लिहिलं, ‘व्ह्रुबेलचा सूर जिथे जिथे वळतो तिथे ब्रॉडनॅक्सचा सूर येतो, एकदाही न चुकता. हे दोघांचं वाजवणं आहे. मी ते एकाचं म्हणून लिहिलं, आणि ते चूक होतं.’ यात खोटं काही नव्हतं. तरी कागद बाजूला ठेवताना त्याला आपण पहिल्यांदाच कुणाची बाजू घेतल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं त्याला आवडलं की नाही हे त्याचं त्यालाच ठरवता आलं नाही.

गेलने वाचून सुस्कारा सोडला. “यानंतर रेकॉर्डींचं काम तुम्हाला देता येणार नाही मला. वरचे लोक विचारतील.”

“मला नकोच आहे.”

“जूनपर्यंत तरी जुन्या आठवणी वगैरे...”

“गेल, मला काहीच नकोय गं. खरंच.”

तिने मान हलवली आणि पेन्सिल उचलली. चारशे शब्दांचे दीडशे केले. कानांचं तिने तीन ओळींत आणलं. हलिनाबद्दलच्या ओळींना मात्र हात लावला नाही.

ते छापून आलं त्या आठवड्यात तीन-चार पत्रं आली. टोबायस राइनने इंटरनेटवर लेमच्या प्रामाणिकपणाबद्दल भलंमोठं लिहिलं. अर्नेस्टीनने ते वाचून दाखवायला घेतलं तेव्हा लेमने निम्म्यावरच तिला थांबवलं. नव्या प्रतींच्या पट्टीवर त्याच टोबायसची रेशमाची सुई गेली. हलिनाचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, “वाचलं. या वेळी नाव बरोबर आहे.” कानात घालायची यंत्रं लेमने आणली आणि चार दिवस वापरली. चर्चमध्ये पाद्रीबाबा स्वच्छ ऐकू आले, पण घरी पहिली रेकॉर्ड लावली तर सगळे जण चांदीच्या कागदात गुंडाळून वाजवल्यासारखे वाटले. त्यानंतर तो ती फक्त रविवारी घालायचा. सीड्यांचा ढीग त्याने दोन खोक्यांत भरून गेलकडे पाठवून दिला. टेबल रिकामं झालं तेव्हा त्याला वाटलं होतं तसा काही हलकेपणा आला नाही. नुसतं टेबल रिकामं झालं.

एप्रिलच्या मध्यावर अन्सेलचा फोन आला. दुरुस्ती छापल्यापासूनचा पहिलाच.

“तू कान तपासलेस ते कुठे?”

लेमने पत्ता सांगितला.

“बरोबर चल,” अन्सेल म्हणाला. “एकट्याला नाही जमणार मला.”

दोघं मंगळवारी सकाळी गेले. अन्सेल काचेच्या खोलीत शिरला आणि बाईंनी दार लावलं. त्याची टोपी मांडीवर घेऊन लेम बाहेरच्या बाकावर बसला. तिथून काचेआडचा अन्सेल दिसत होता. आवाज आला की बोट वर करायचं होतं. सुरुवातीला अन्सेलचं बोट भराभर वर होत होतं, तालात असल्यासारखं. मग ते थांबलं. बाई बटण दाबत होत्या, त्याच्याकडे बघत होत्या, पुन्हा दाबत होत्या. अन्सेल पाठ ताठ करून, मान किंचित पुढे काढून बसला होता, बोट गुडघ्यावर तयार ठेवून. एकदा त्याची नजर बाईंच्या हाताकडे गेली. बाईंनी ते बघितलं आणि खुर्ची वळवून हात त्याच्या नजरेआड घेतला.

बाहेर आल्यावर अन्सेलने टोपी घेतली. कागद उघडून न बघताच त्याने त्याची घडी करून खिशात टाकली.

“किती वाजले?” त्याने विचारलं.

“साडेअकरा.”

“सत्तेचाळिसाव्या रस्त्यावर तळलेले मासे मिळतात अजून?”

“मिळतात. पण रांग असते.”

“असू दे,” अन्सेल म्हणाला. “मला आज कुठेच जायचं नाही.”

रस्ता ओलांडून ते बसच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. बस लवकर येईना, तेव्हा अन्सेल बाकावर बसला, आणि थोड्या वेळाने लेमही त्याच्याशेजारी बसला.